अघुलच्या विभक्ती मराठीच्या आधाराने कशा समजून घ्याव्यात

अघुल ही रशियातील दागेस्तान प्रजासत्ताकाच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात बोलली जाणारी भाषा असून २०१० च्या जनगणनेनुसार तिचे भाषक सुमारे २९ हजार आहेत. ईशान्य कॉकेशियन कुळाच्या लेझगी शाखेतील ही भाषा लेझगी आणि तबासरान या भाषांची जवळची नातलग आहे. नावातील ‘घ’ मात्र आपल्या ‘घर’मधला नाही, तो उर्दूतील ‘ग़’सारखा घर्षक आहे.

अभ्यासाची सुरुवात ध्वनींपासून करण्याचा मोह टाळावा, कारण घशाच्या तळाशी उच्चारली जाणारी व्यंजने नवख्याला नाउमेद करतात. त्याऐवजी आधी ‘ने’ प्रत्ययाचा विचार करावा. ‘मुलाने आंबा खाल्ला’ या वाक्यात कर्त्याला ‘ने’ लागतो, पण ‘मुलगा आंबा खातो’ यात लागत नाही. अघुलमध्ये सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला असा प्रत्यय वर्तमानकाळातही लागतो. ‘खाल्ला-खाल्ली’ असा लिंगभेद मात्र तेथे नाही, कारण कुळातील बहुतेक भाषांनी जपलेले नामांचे वर्ग अघुलने गमावले आहेत.

यानंतर सामान्यरूपाकडे वळावे. ‘घर’ला प्रत्यय लागण्यापूर्वी जसे ‘घरा’ होते, तसे अघुल नामाचे कर्त्याला लागणारे रूपच इतर विभक्तींचा पाया ठरते. त्यावर स्थळवाचक प्रत्यय दोन थरांत चढतात: पहिला थर आत, वर, खाली, मागे, समोर यांपैकी जागा सांगतो, दुसरा हालचालीची दिशा. ‘वर’ या अर्थी ‘ल’, त्यापुढे ‘अस’ जोडला की ‘वरून’ आणि ‘दि’ जोडला की ‘वर’ जाण्याचा अर्थ. मराठीतील ‘वर-वरून’, ‘खाली-खालून’, ‘मागे-मागून’ या जोड्या कागदावर मांडून त्यांशेजारी अघुल प्रत्यय लिहीत गेल्यास, पाठांतराने भयंकर वाटणारा तक्ता बराच ओळखीचा होतो. हीच जागा पुष्कळदा क्रियापदाच्या उपसर्गातही पुन्हा सांगितली जाते, हे ध्यानात ठेवावे.

वाचनासाठी रशियन यायला हवी. मागोमेतोव यांचे १९७० चे व्याकरण त्याच भाषेत आहे. सिरिलिकवर, म्हणजे रशियनच्या लिपीवर, आधारलेले लेखन १९९० पासूनचे असल्याने जुन्या अभ्यासांतील लिप्यंतर वेगळे दिसते. शिवाय बोलींमध्ये, विशेषतः कोशान बोलीत, मोठा फरक असल्याने प्रत्येक उदाहरणाशेजारी ते कोणत्या गावचे आहे हे आवर्जून नोंदवावे.