मोबाइलच्या ड्रॉप टेस्टमध्ये सुरुवातीचा वेग कसा द्यावा

हातातून निसटलेला मोबाइल एक मीटर खाली यायला ०.४५ सेकंद घेतो. आपटण्याचा खेळ मात्र काही मिलिसेकंदांत आटोपतो. ही टेस्ट संगणकावर करताना एक्सप्लिसिट सॉल्व्हरची (हालचाल छोट्या-छोट्या वेळेच्या पायऱ्यांनी मोजणाऱ्या प्रोग्रामची) एकेक पायरी साधारण सेकंदाच्या कोटीव्या भागाएवढी धरली, तर नुसतं पडणं मोजायलाच ४५ लाख पायऱ्या! म्हणून फोन फरशीच्या अगदी वर ठेवायचा आणि आपटतानाचा वेग त्याला आधीच देऊन टाकायचा.

१. वेग काढा. २ × ९.८१ × उंची, त्याचं वर्गमूळ. एक मीटरला ४.४३ मीटर प्रति सेकंद. मॉडेल टन-मिलिमीटर-सेकंदात असेल तर ४४२९ मिलिमीटर प्रति सेकंद. तिथे चुकून ४.४३ भरलंत, तर फोन गोगलगायीसारखा निघतो आणि रन संपला तरी फरशी गाठत नाही.

२. फोन आणि फरशीत अर्धा-एक मिलिमीटर फट ठेवा. शेलची, म्हणजे नुसत्या पृष्ठभागाने दाखवलेल्या पातळ भागांची, जाडी धरूनच. नाहीतर दोघं सुरुवातीलाच एकमेकांत घुसलेले असतात.

३. अ‍ॅबॅकस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये लोड मॉड्यूल उघडा, प्रीडिफाइन्ड फील्ड घ्या, स्टेप ‘इनिशियल’ ठेवा आणि व्हेलॉसिटी निवडा. मॉडेलमध्ये झेड दिशा फरशीपासून सरळ वर जात असेल तर तिसऱ्या रकान्यात उणे ४४२९. उणे चिन्ह विसरलात तर फोन छताकडे निघतो.

नवखे लोक हाच आकडा बाउंड्री कंडिशनमध्ये, म्हणजे सॉल्व्हरने पूर्ण वेळ पाळायच्या अटीत, भरतात. मग वेग सुरुवातीपुरता राहत नाही, सक्तीचा होतो: फरशी लागली तरी फोन त्याच वेगाने खाली रेटला जातो, उसळी घेणार कुठून?

४. वेग सगळ्या भागांना द्या. मी एकदा फक्त बाहेरचे भाग निवडले होते. बॅटरी जागेवर लटकलेली, आणि मागचं कव्हर वरून येऊन तिच्यावरच आदळलं. ॲनिमेशन बघेपर्यंत पत्ता नव्हता.

तेव्हापासून पूर्ण रन लावण्याआधी शून्य वेळेची कायनेटिक एनर्जी (गतिज ऊर्जा) बघतो. २०० ग्रॅमच्या फोनला एक मीटरवरून ती १९६२ मिलिज्यूल हवी. १४७१ दिसली तर ५० ग्रॅमचं काहीतरी वेगाविना राहिलंय, बहुधा बॅटरीच.

कोपऱ्यावर पाडायचा असेल तर अख्खी असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेला फोन, तिरकी करा, वेग सरळ खालीच ठेवा. गुरुत्वाकर्षण चालू राहू द्या. पहिल्या धक्क्यात त्याने फारसा फरक पडत नाही, पण उसळून परत येणारा फोन बघायचा असेल तर लागतंच.