रक्ताच्या सीए रिपोर्टवर उलटतपास घेण्याआधी

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल अ‍ॅनलायझरचा) रक्ततपासणी अहवाल, बहुतेकदा मागाहून येतो. दोषारोपपत्रात ‘रिपोर्ट प्रलंबित’ एवढीच ओळ असते, पुढे कधीतरी पुरवणी जोडली जाते. बचावाचे वकील मग उशिरावरच घसा कोरडा करतात. नुसत्या उशिराने फार काही साधत नाही. त्या काळात बाटली कुठे होती हे विचारलं, तर साधतं. म्हणून रिपोर्टमधला आकडा सगळ्यात शेवटी वाचा.

आधी एका कागदावर वेळा उतरवून घ्या: अपघात, अटक, रक्त काढणं, पाठवणी, प्रयोगशाळेतली आवक, प्रत्यक्ष तपासणी. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे अटकेपासून २ तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. रक्तातलं अल्कोहोल साधारण ताशी १० ते २० मिलिग्रॅमने उतरतं आणि कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमची. त्यामुळे तासाभराचा फरकही आकडा रेषेच्या अलीकडे-पलीकडे नेऊ शकतो. दारूबंदी कायद्याचं कलम ६६ लावलं असेल तर तिथे हिशेब ०.०५ टक्क्यांचा, म्हणजे ५० मिलिग्रॅमचा. दोन्हींची गल्लत करू नका.

मग बाटली. त्वचा स्पिरिटने पुसली का, हे डॉक्टरांना विचाराच. दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या रक्तचाचणी नियमांत अल्कोहोलचा स्पर्शही वर्ज्य आहे. बाटलीत सोडियम फ्लोराइड, म्हणजे रक्त नासू न देणारं रसायन, किती होतं? फ्लोराइडच्या नळीचं करडं झाकण दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. रुग्णालयात शुगरसाठी वापरतात त्या २ मिलिलिटरच्या नळीचं झाकणही करडंच असतं, पण तिच्यात फ्लोराइड मिलिलिटरला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. अल्कोहोलच्या तपासणीसाठी मिलिलिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. कमी पडलं आणि बाटली उन्हाळ्यात मुद्देमाल खोलीतल्या कपाटात राहिली, की रक्तातल्या साखरेवर जंतू आणि यीस्ट अल्कोहोल तयार करू शकतात. उलटही घडतं: बूच सैल, बाटली अर्धी रिकामी, तर अल्कोहोल उडून आकडा घटतो. सरकारी वकिलांनी ही दुसरी बाजू हाताशी ठेवावी.

१९५९ च्या त्याच नियमांनुसार नमुना ७ दिवसांत प्रयोगशाळेतल्या तपासणी अधिकाऱ्याकडे पोचायला हवा. त्यासाठी मुद्देमाल रजिस्टर, पाठवणीपत्र, नेणाऱ्या शिपायाची नोंद आणि प्रयोगशाळेची आवक पावती शेजारी-शेजारी मांडा. सीलचा ठसा जुळतो का पाहा, आणि काढलेलं रक्त व पोचलेलं रक्त मोजा. २००२ च्या वांद्र्याच्या अपघात खटल्यात काढलेलं ६ मिलिलिटर आणि पोचलेलं ४, हा मुद्दा २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बचावाच्या कामी आला. नमुना बदलल्याचीच शंका असेल तर उरलेल्या रक्ताची डीएनए तपासणी मागा, आणि ती लवकर मागा. उरलेला नमुना कायम जपून ठेवत नाहीत.

तपासणी खाजगी लॅबकडे किंवा रुग्णालयाच्या लॅबकडे गेली असेल तर तयारी वेगळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मुळे सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट त्याला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. अधिसूचना नसलेल्या खाजगी लॅबला ती सवलत नाही, तिथल्या विश्लेषकाला साक्षीला आणावंच लागतं. पद्धत काय होती? एन्झाइमची असेल तर ती बहुधा सीरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पातळ द्रवावर होते. सीरमचा आकडा संपूर्ण रक्तापेक्षा साधारण १४ टक्क्यांनी जास्त येतो, म्हणून ३३ दिसलं तरी संपूर्ण रक्तात ते २९ असू शकतं. गॅस क्रोमॅटोग्राफी (वायुरूपात घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) असेल तर आलेख, अंतर्गत मानक (तुलनेसाठी नमुन्यात मिसळलेला ठरावीक पदार्थ), कॅलिब्रेशन आणि दोन वेगवेगळ्या वाचनांचे आकडे मागा. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या मंडळाचं प्रमाणपत्र दाखवलं तर त्याची व्याप्ती वाचा. आयएसओ १५१८९ हे वैद्यकीय प्रयोगशाळांचं मानक आहे, न्यायवैद्यक चाचण्यांसाठी १७०२५ लागतं. यंत्राच्या प्रिंटआउटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी लागणारं प्रमाणपत्र जोडलंय का, तेही त्याच बैठकीत तपासून घ्या.