बेस गिटारचा ब्रिज बदलताय? या चुका टाळा

ब्रिज, म्हणजे तारांचं खालचं टोक धरणारा बॉडीवरचा धातूचा भाग, बदलणं वरवर सोपं वाटतं. तारा काढायच्या, पाच स्क्रू सोडवायचे, जुना उचलायचा, नवा बसवायचा. तक्रारी सुरू होतात त्या नंतर. ॲम्पमधून सतत घूं ऐकू येतं, तारा फिंगरबोर्डपासून फार वर राहतात, जाड ई तार बाराव्या फ्रेटवर (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सुरात लागत नाही. खापर नव्या ब्रिजवर फुटतं. खरं तर बहुतेक वेळा ब्रिज चांगलाच असतो. जुन्या ब्रिजबरोबर जमलेली मापं बिघडलेली असतात, आणि ती आधी कुणी लिहून ठेवलेली नसतात.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे न मोजता स्क्रूड्रायव्हर हातात घेणं. तारा चढवलेल्या असतानाच बाराव्या फ्रेटवर प्रत्येक तारेची उंची मोजा, सॅडल (ब्रिजवरचे तार ज्यावर टेकते ते सरकणारे तुकडे) कुठे आहेत त्याचा फोटो काढा आणि ब्रिजवर सर्वात जाड ई तार ते सर्वात बारीक जी तार हे अंतर टिपून ठेवा. चार तारांच्या फेंडर-पद्धतीच्या बेसवर शेजारच्या दोन तारांत साधारण १९ मिमी, म्हणजे टोकाच्या दोन तारांत सुमारे ५७ मिमी अंतर असतं. नव्या ब्रिजचं अंतर वेगळं असेल, तर तारा पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) पोलवरून, म्हणजे चुंबकाच्या टोकांवरून, सरकतात आणि एखाद्या तारेचा आवाज बाकीच्यांपेक्षा दबतो. ‘जुन्यालाही पाच स्क्रू, नव्यालाही पाच’ एवढ्यावर विसंबून खरेदी करू नका. भोकांची मांडणी मिमीमध्ये जुळवून बघा. ती तंतोतंत जुळली तर निम्मं काम तिथेच झालं.

ग्राउंड वायर हरवते

जुना ब्रिज उचलला की खाली एका बारीक भोकातून उघडी तांब्याची वायर डोकावताना दिसते. ही ग्राउंड वायर. ती ब्रिजच्या पत्र्याला टेकते आणि तारांना सर्किटच्या ग्राउंडशी जोडते. ब्रिज काढताना ती आत सरकते, मोडते किंवा नवा ब्रिज तिच्यावर नीट दाबला जात नाही. काळा किंवा रंगीत लेप असलेल्या ब्रिजवर आणखी एक गोम असते: वायर टेकते लेपाला, धातूला नाही.

ओळखायचं कसं? ॲम्प चालू करून तारांवर हात ठेवा. घूं तसूभरही कमी झालं नाही, पण केबलच्या जॅकच्या धातूला बोट लावताच कमी झालं, तर ब्रिजचं ग्राउंड तुटलेलं आहे. त्याहून पक्की तपासणी मल्टीमीटरची. केबल काढून एक टोक ब्रिजला आणि दुसरं आउटपुट जॅकच्या बाहेरच्या, म्हणजे ग्राउंडच्या पत्तीला लावा. बीप यायला हवा. नाही आला तर ब्रिजच्या खालच्या बाजूला वायर टेकते तेवढीच जागा सॅंडपेपरने घासून धातू उघडा करा. वायरचे तंतू पंख्यासारखे पसरवून सपाट बसवा. पीळ तसाच ठेवला तर पत्रा एका बाजूने किंचित उचललेला राहतो. ही तपासणी तारा चढवण्याआधी करा, म्हणजे सगळं पुन्हा उलगडायला नको.

स्क्रू आणि भोकं

नवी भोकं पाडायची वेळ आली तर घाई करू नका, कारण लाकडात चूक परत घेता येत नाही. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. ३४ इंची स्केलच्या, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या, बेसवर हे एकूण ८६३.६ मिमी येतं. जी तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे असताना या रेषेवर पडलं पाहिजे, कारण जाड तारांची सॅडल यापेक्षा काही मिलिमीटर मागे जातात आणि त्यांना जागा लागते. डावी-उजवी जागा ठरवण्यासाठी ई आणि जीच्या जागी नटपासून ब्रिजपर्यंत दोरा ताणा. तो फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्याच अंतरावर हवा.

ड्रिल बिट निवडताना तो स्क्रूसमोर धरा. स्क्रूचा गाभा झाकला जावा आणि दोन्ही बाजूंना फक्त आटे दिसावेत. बारीक भोकात स्क्रू जोर लावून पिळला की त्याचं डोकं तुटतं आणि बाकीचा भाग लाकडात अडकतो. खोलीसाठी बिटवर टेपची खूण करा, स्क्रूच्या आट्यांना थोडं मेण लावा. जुनं भोक सैल झालं असेल तर टूथपिक आणि लाकडाचा गोंद पुरतो. पण नवं भोक जुन्याच्या कडेला अर्धवट येत असेल, तर बिट घसरून जुन्या भोकात जातो. तिथे कठीण लाकडाची खुंटी चिकटवा, गोंद पूर्ण सुकू द्या आणि मगच ड्रिल करा.

उंची

जड ब्रिजचा तळ जाड असतो. सॅडल तळाला टेकवूनही तारा उंच राहिल्या तर नेकच्या आतला ट्रस रॉड पिळत बसू नका. तो नेकचा बाक ठरवतो, तारांची उंची दुरुस्त करायला नाही. बोल्ट-ऑन (स्क्रूने बसवलेली) नेक असेल तर नेक बसते त्या पॉकेटमध्ये ब्रिजकडच्या टोकाला पातळ शिम (पट्टी) घालून नेकचा कोन बदलावा लागतो. प्रत्येक सॅडलचे दोन्ही उंचीचे स्क्रू तळाला टेकलेले आहेत ना, तेही बघा. एक अधांतरी राहिला की तो खडखडतो, आणि तो आवाज फ्रेटचा समजून लोक भलतीकडेच शोधत राहतात. मापाचीच ॲलन की वापरा. इंची स्क्रूत मिमीची की घातली की खाच गोल होते. उंची बदलली की पिकअपची उंचीही पुन्हा लावा.

इंटोनेशन

इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर तार सुरात लागावी म्हणून सॅडल मागेपुढे करणं, सगळ्यात शेवटी, नव्या तारांवर. आधी तार सॅडलच्या दोन्ही बाजूंना बोटाने हलकेच दाबा, म्हणजे ती तिथे नीट वळेल. हे न केल्याने ट्यूनर उगाच फसतो. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता फ्रेटवर बोट नुसतं टेकवून निघणारा स्वर) ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. सॅडल हलवताना तार सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे खराब होतात. १९५१च्या प्रिसिजन बेसवर चार तारांना दोनच सॅडल होती, त्यामुळे तिथे प्रत्येक तार वेगळी लावता येत नसे. १९५७मध्ये चार सॅडल आली. जुन्या धाटणीचा दोन सॅडलचा ब्रिज घेत असाल तर ही तडजोड आधीच मान्य करून घ्या.

ई तारेचं सॅडल पूर्ण मागे नेऊनही स्वर चढाच राहिला, तर आधी पिकअप तारेच्या फार जवळ नाही ना ते बघा, कारण चुंबकाची ओढ जाड तारेचा सूर बिघडवते. तरीही जमलं नाही तर सॅडलमागची स्प्रिंग पूर्ण दाबली गेली आहे का ते पाहा. तसं असेल तर ती अर्धी कापा किंवा काढूनच टाका. तारेचा ताण सॅडलला जागेवर धरून ठेवतो.