प्रेक्षकाच्या रिकाम्या हातांचे काय? लोकप्रिय गेमवरून अ‍ॅनिमेशनपट कसा करावा

नाटकाचा चित्रपट करताना रंगमंच सुटतो, कादंबरीचा करताना निवेदकाचा आवाज सुटतो आणि व्हिडिओ गेमचा करताना प्रेक्षकाच्या हातातला कंट्रोलर सुटतो. यांपैकी शेवटची हानी सर्वांत मोठी आहे, कारण गेममध्ये जे काही घडते त्याचा कर्ता खेळणारा स्वतः असतो. तोच खेळणारा चित्रपटगृहात येतो तेव्हा त्याचे हात रिकामे असतात आणि आजवर जे आपण केले ते दुसऱ्याला करताना पाहावे लागते. रूपांतराचे काम अंगावर घेणाऱ्या स्टुडिओने पहिल्या दिवसापासून ही अडचण समोर ठेवावी. पुढे सांगितलेल्या सर्व पायऱ्या तिच्याच भोवती फिरतात.

आधी क्रियापद शोधावे

संहितेला हात लावण्यापूर्वी लेखक, दिग्दर्शक, स्टोरीबोर्ड कलाकार आणि शक्य असल्यास संगीतकार अशा सर्वांनी मूळ गेम शेवटपर्यंत खेळावा. यूट्यूबवर दुसऱ्याने खेळलेला गेम पाहून भागत नाही. खेळताना प्रत्येकाने एक वही ठेवावी आणि कुठे चिडचिड झाली, कुठे हसू आले, कोणत्या ठिकाणी दहावेळा मरूनही पुन्हा सुरुवात करावीशी वाटली, याची नोंद करावी. वह्या एकत्र आल्या की त्यांतून एक क्रियापद, म्हणजे खेळणारा सतत करत असलेली मुख्य कृती, वर येते. लोकप्रिय गेमला बहुधा एकच मुख्य क्रियापद असते, आणि कथानकापेक्षा तेच लोकांच्या अंगात भिनलेले असते.

मारिओचे उदाहरण घेऊ. 1981 च्या ‘डाँकी काँग’मध्ये हा माणूस पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याला जंपमॅन म्हणत असत, म्हणजे त्याचे क्रियापद त्याच्या नावातच होते. 1993 मध्ये हॉलिवूडने खऱ्या नटांना घेऊन ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ काढला, तेव्हा या उज्ज्वल, गोलमटोल जगाच्या जागी एक काळवंडलेले शहर आले आणि उडी मारण्याचे काम यांत्रिक बुटांवर सोपवण्यात आले. सुमारे 4.8 कोटी डॉलर खर्चाच्या त्या चित्रपटाने खर्चाइतकीही तिकीटविक्री केली नाही. त्या अपयशाची कारणे अनेक होती, परंतु क्रियापद बुटांच्या हवाली करणे हे मला त्यांतले सर्वांत बोलके वाटते.

तीस वर्षांनी, एप्रिल 2023 मध्ये, इल्युमिनेशन या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने मारिओचे गेम काढणाऱ्या निन्टेंडोबरोबर तोच विषय पुन्हा पडद्यावर आणला. एरन होर्वाथ आणि मायकेल जेलेनिक यांनी दिग्दर्शित केलेला हा 92 मिनिटांचा चित्रपट सुमारे 10 कोटी डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने जगभरात सुमारे 136 कोटी डॉलरचा व्यवसाय केला. समीक्षकांना कथा पातळ वाटली, आणि ती तशी आहेही. तरीही त्यातील दोन प्रसंग रूपांतर शिकणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन पाहावेत. पहिल्यात ब्रुकलिनमधले दोघे प्लंबर भाऊ कामावर पोचण्यासाठी बांधकामाच्या जागेतून धावतात आणि कॅमेरा त्यांना सरळ बाजूने टिपत जातो. 1985 चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ गेम ज्याने खेळला आहे त्याचा अंगठा त्या क्षणी नकळत हलतो. दुसऱ्यात राजकन्या पीच मारिओला अडथळ्यांच्या मार्गावर सराव करायला लावते आणि तो पुन्हा पुन्हा पडतो. गेममध्ये पडणे म्हणजे पुन्हा सुरुवात करणे असते. चित्रपटात नायक मेला की मेला, त्याला तीन जीव नसतात. सरावाच्या या प्रसंगाने खेळणाऱ्याच्या शेकडो अपयशांना कथेत हक्काची जागा दिली आणि कोणाला मारावेही लागले नाही. आपल्या गेममध्ये अपयश कोणत्या रूपात येते आणि पडद्यावर ते कोणत्या रूपात दाखवता येईल, हा प्रश्न संहितेच्या पहिल्या बैठकीतच सोडवावा.

क्रियापद मिळाले म्हणून ते पहिल्या मिनिटापासून उधळू नये. 2009 मध्ये फिनलंडच्या रोविओने काढलेल्या ‘अँग्री बर्ड्स’मध्ये बेचकीतून पक्षी भिरकावणे, एवढीच कृती होती. 2016 च्या चित्रपटात ती बेचकी डुकरे भेट म्हणून घेऊन येतात आणि पक्षी खऱ्या अर्थाने भिरकावले जातात ते उत्तरार्धातल्या हल्ल्यात. तोपर्यंतचा वेळ लेखकाने एका साध्या प्रश्नावर काढला आहे: हे पक्षी इतके का रागावले? गेममध्ये या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत होते, डुकरांनी अंडी चोरली. चित्रपटात रेड नावाच्या पक्ष्याला राग आवरायच्या वर्गात बसावे लागते, आणि ज्या रागाची सर्वांना लाज वाटत होती तोच शेवटी उपयोगी पडतो.

हक्कांचा करार

हा भाग रुक्ष आहे, परंतु यात झालेली चूक पुढे कोणत्याही कलाकाराला दुरुस्त करता येत नाही. गेमचे हक्क एकाच हाती असतात, असे गृहीत धरू नये. संगीत एकाचे, पात्राचा आवाज दुसऱ्याचा, गाड्यांची किंवा खऱ्या कंपन्यांची नावे तिसऱ्याची, अशी विभागणी असू शकते, आणि गेमपुरती मिळालेली परवानगी चित्रपटाला आपोआप लागू होत नाही. यादी करून प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र खात्री करावी.

भारतात करार होणार असेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 19 डोळ्यांखालून घालावे. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरतेच धरले जातात. याहून घातक तरतूद म्हणजे, करारात वेगळे काही नमूद नसल्यास, मिळालेला हक्क एका वर्षाच्या आत वापरला नाही तर तो संपुष्टात येतो. पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटाला तीन-चार वर्षे सहज लागतात. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या एखाद्या स्टुडिओने मित्राच्या गेमवर चित्रपट करताना तोंडी बोलण्यांवर विसंबून राहिल्यास अर्ध्या वाटेत पायाखालची जमीनच सरकू शकते. स्टुडिओने चित्रपटासाठी नव्याने निर्माण केलेली पात्रे कोणाच्या मालकीची राहतील, हेही त्याच वेळी लिहून घ्यावे. पुढचा भाग काढायची वेळ आली की भांडण नेमके तिथेच होते.

मूळ कंपनीची संमती कोण आणि किती दिवसांत देणार, हे करारात असावे. मारिओच्या वेळी त्या पात्राचे जनक शिगेरू मियामोतो हे इल्युमिनेशनच्या ख्रिस मेलेडँड्री यांच्याबरोबर सहनिर्माते होते, म्हणजे शेवटचा शब्द ज्याचा तो माणूस सुरुवातीपासून खोलीत होता. प्रत्येकाला असे भाग्य लाभत नाही. मग निदान एका अधिकारी व्यक्तीचे नाव, संहिता, पात्ररचना, अ‍ॅनिमॅटिक (प्रसंगांची कच्ची रेखाचित्रे वेळेनुसार जोडून केलेला चित्रपटाचा मसुदा) आणि रंगयोजना असे संमतीचे ठरलेले टप्पे, आणि उत्तराची मुदत एवढे तरी कागदावर आणावे. समितीकडून आलेल्या परस्परविरोधी सूचनांमुळे जितके काम वाया जाते, तितके संगणक बंद पडूनही जात नाही.

काय बदलावे, काय नाही

कथा बदलण्याची मुभा असते. जगाचे नियम बदलण्याची नसते. मारिओच्या बहुतेक प्रसिद्ध गेममध्ये राजकन्येला पळवून नेले जाते. चित्रपटात पकडला जातो तो धाकटा भाऊ लुइजी, आणि राजकन्या सैन्याची आखणी करते. या बदलावर फारसे कोणी रागावले नाही, कारण खेळणाऱ्याला राजकन्येच्या अपहरणाचे प्रेम कधीच नव्हते. मशरूम खाल्ल्यावर माणूस मोठा होतो, हा नियम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, आणि तो का होतो याचे शास्त्रीय कारण कोणी देत बसत नाही. मारिओला मशरूम आवडत नाहीत आणि तरीही ते खावे लागतात, एवढ्या एका गमतीवर तो नियम पात्राला जोडला आहे. विचित्र नियमाचे स्पष्टीकरण द्यायचा मोह झाला, तर स्पष्टीकरणाऐवजी पात्राची त्या नियमाबद्दलची आवड-निवड लिहावी.

ज्या गेममध्ये ठराविक कथा नाही किंवा खेळणाऱ्याच्या निवडीनुसार ती बदलते, तिथे मुख्य वाट चित्रित करण्याच्या फंदात पडू नये, कारण ज्याने दुसरी वाट निवडली होती त्याला आपली फसवणूक झाली असे वाटते. त्याच जगात बाजूला घडलेली गोष्ट शोधावी. ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा 2009 चा गेम म्हणजे पात्रांच्या लढतींचा आखाडा. त्यातल्या व्हाय आणि जिंक्स या दोन बहिणींचे बालपण पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओने ‘आर्केन’ या 2021 च्या मालिकेत रंगवले. ती मालिका आहे, चित्रपट नव्हे, पण पद्धत तीच. याच स्टुडिओने 2013 मध्ये याच जिंक्ससाठी एक छोटा गाण्याचा व्हिडिओ केला होता, हेही लक्षात घ्यावे. मोठ्या कामापूर्वी दोन-तीन मिनिटांचा असा तुकडा पूर्ण दर्जाने करून पाहिला, तर शैली टिकते की नाही आणि मूळ कंपनीशी आपले जमते की नाही, हे दोन्ही स्वस्तात कळते.

केवळ नाव उसने घेणे हा याउलट टोकाचा प्रकार. 2001 च्या ‘फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन’ची दिग्दर्शनाची धुरा गेममालिकेचे जनक हिरोनोबू साकागुची यांच्याकडेच होती आणि होनोलुलूमध्ये त्यासाठी खास स्टुडिओ उभारला होता. नायिकेच्या डोक्यावरचे सुमारे 60,000 केस वेगवेगळे हलवण्यात आले. एवढे करून गेमच्या चाहत्याला ओळखीचे वाटावे असे त्या जगात फारच थोडे होते. सुमारे 13.7 कोटी डॉलर खर्च, सुमारे 8.5 कोटी डॉलर तिकीटविक्री आणि लवकरच स्टुडिओ बंद, असा त्याचा शेवट झाला.

मॉडेल, रिग आणि गणित

गेम कंपनीने मॉडेलच्या फाइली दिल्या की निम्मे काम झाले, असा समज नवख्या निर्मात्यांत आढळतो. गेममधले पात्र बहुतेक वेळा पाठमोरे आणि लांबून दिसते, आणि सेकंदाला 60 चित्रे दाखवायची असतील तर संगणकाला एका चित्रासाठी जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात; ते मॉडेल त्या बेताने हलके केलेले असते. चित्रपटात तोच चेहरा दहा मीटर रुंद पडद्यावर येतो आणि एका चित्राच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने ते अंतिम रूपात तयार करायला, कित्येक तास लागू शकतात. म्हणून फाइली मोजमापासाठी घ्याव्यात आणि चेहऱ्याचा रिग, म्हणजे त्याला हलवणारा आतला सांगाडा, मुळापासून नवा बांधावा. गेमची मैदाने मात्र लेआउट आणि प्रिव्हिजसाठी, म्हणजे दृश्यांच्या प्राथमिक आखणीसाठी, खरोखर उपयोगी पडतात. कॅमेरा कुठून कुठे जाईल हे त्यांत काही दिवसांत ठरवता येते.

शरीराचीही फेररचना करावी लागते. ‘अँग्री बर्ड्स’ गेममधले पक्षी हातपाय नसलेले गोळे होते. अभिनय करता यावा म्हणून चित्रपटात त्यांना पंख आणि पाय मिळाले. असा बदल करताना बाह्याकृतीची कसोटी लावावी: पात्र संपूर्ण काळ्या रंगात भरले तरी चाहत्याला ते ओळखता आले पाहिजे. ‘सॉनिक’ या गेमवरच्या चित्रपटाच्या बाबतीत हेच चुकले. तो चित्रपट खऱ्या नटांचा आणि अ‍ॅनिमेशनचा मिलाफ होता. 30 एप्रिल 2019 च्या ट्रेलरमध्ये माणसासारखे दात आणि लहान डोळे असलेला सॉनिक पाहून चाहते इतके संतापले की पात्र नव्याने रचावे लागले आणि प्रदर्शन नोव्हेंबर 2019 वरून फेब्रुवारी 2020 वर गेले. पात्राचे चित्र चाहत्यांच्या छोट्या गटाला गुप्ततेच्या अटीवर आधी दाखवण्याचा खर्च याच्या तुलनेत काहीच नाही.

आता वेळेचा हिशेब. 90 मिनिटांचा चित्रपट म्हणजे 5,400 सेकंद आणि सेकंदाला 24 प्रमाणे 1,29,600 चित्रे. एक अनुभवी अ‍ॅनिमेटर आठवड्याला चार सेकंद चांगले काम देतो असे धरले, तर 1,350 आठवड्यांचे काम होते; 50 जणांनी ते वाटून घेतले तरी 27 आठवडे, आणि तेही एका वेळी पडद्यावर एकच पात्र असेल तर. गर्दीचे प्रसंग, दुरुस्त्या आणि आजारपण धरून हा आकडा निदान दुप्पट करावा. म्हणूनच जे काही कापायचे ते अ‍ॅनिमॅटिकमध्ये कापावे. तिथे एक प्रसंग गाळण्याची किंमत एक दुपार असते. लायटिंग झाल्यानंतर तोच प्रसंग गाळणे म्हणजे काही जणांचे कित्येक महिने पाण्यात घालणे.

आवाज आणि धून

कानाची आठवण डोळ्यापेक्षा चिवट असते. कोजी कोंदो यांनी 1985 मध्ये मारिओच्या गेममध्ये जुन्या यंत्राच्या मोजक्या स्वरवाहिन्यांसाठी रचलेल्या धून ब्रायन टायलर यांनी 2023 च्या चित्रपटात वाद्यवृंदासाठी विस्तारल्या. संगीतकाराला मूळ धुनांची यादी पहिल्याच महिन्यात द्यावी आणि कोणती धून कोणत्या भावनेसाठी राखून ठेवायची, हे ठरवून घ्यावे. नाण्याचा खळ्ळकन होणारा आवाज दर मिनिटाला वाजवला तर तो आठवण राहत नाही, कटकट होतो.

मूळ आवाज बदलणार असाल, तर चाहत्यांची नाराजी कथेतच सामावून घेता येते. मारिओला अभिनेता ख्रिस प्रॅट आवाज देणार हे 2021 मध्ये जाहीर झाल्यावर बरीच ओरड झाली होती. चित्रपटाने काय केले? दोघे भाऊ आपल्या प्लंबिंगच्या जाहिरातीत तो प्रसिद्ध इटालियन हेल काढतात, मग तो जरा जास्तच झाला का अशी शंका घेतात, आणि त्यांना दाद देणाऱ्या माणसाला आवाज आहे तो गेममधल्या मूळ मारिओचा, चार्ल्स मार्टिने यांचा. ज्याने गेम खेळला नाही त्याला इथे काहीच चुकल्यासारखे वाटत नाही. सर्व खुणा अशाच पेराव्यात: जाणकाराला सापडाव्यात, अजाणत्याला अडखळवू नयेत.

शेवटची चाचणी अ‍ॅनिमॅटिकवर, दोन वेगळ्या दिवशी घ्यावी. पहिल्या दिवशी गेम पाठ असलेले प्रेक्षक बोलवावेत, दुसऱ्या दिवशी त्यांचे आईवडील. प्रश्नावली नंतर द्यावी. आधी अंधारात एक माणूस बसवून कोणत्या मिनिटाला कोणी मोबाइल बाहेर काढला, एवढेच टिपून घ्यावे. दोन्ही दिवशी ज्या मिनिटाला मोबाइल निघाले तो प्रसंग लगेच संकलकाच्या टेबलावर न्यावा.