खाडीतल्या फायबर होडीला तेलाच्या कॅनचा आधार

लाकडी होडी पाण्याने भरली तरी तरंगते, फायबरची मात्र हवाबंद कप्पे नसतील तर इंजिनासकट तळ गाठते. यावर स्वस्त उपाय म्हणजे खाद्यतेलाचे रिकामे, जाड प्लास्टिकचे २० लिटरचे कॅन. कॅनचे वजन वजा जाता प्रत्येकी साधारण १९ किलो भार तरतो. १५० किलोची होडी बुडाल्यावर पाण्यात जेमतेम ५० किलो भरते. त्यात ४० किलोचे इंजिन धरले तरी सहा कॅन पुरतात.

कॅन तळाशी कधीही बांधू नका! होडी भरली की तळ वर उचलला जातो आणि ती पालथी होते. बसायच्या फळ्यांखाली, दोन्ही काठांना चिकटवून, जमेल तितके उंच बसवा. इंजिनामुळे मागे चार, नाळेकडे दोन. कॅन वर ढकलला जातो, तेव्हा फळीच तो अडवते. रुंद पट्टा फक्त सरकू नये म्हणून. बारीक दोरी प्लास्टिक कापते.

झाकण सिलिकॉन लावून, सकाळच्या गारव्यात बंद करा. बांधण्यापूर्वी कॅन पाण्यात दाबून धरा. बुडबुडा दिसला तर तो बाद.

लाइफ जॅकेट तरीही हवेच.