दोन आकृती बिलगल्या की प्रेमच? चित्र पाहताना या चुका टाळा

आधुनिक चित्रात दोन आकृती खेटून दिसल्या की आपण लगेच 'प्रेमी युगुल' म्हणून मोकळे होतो. मीही बरीच वर्षं हेच करत होतो. मग चित्रकार फ्रान्सिस बेकनच्या १९५३ सालच्या 'टू फिगर्स' या चित्राने अडवलं. पलंगावर दोन देह एकमेकांत गुंतलेत, चेहरे पुसट. मिठी म्हणावी की झटापट? बेकनपुढे एडवर्ड मायब्रिजने टिपलेली कुस्तीगिरांची छायाचित्रं होती, आणि चित्रात तर बिछाना आहे. इथे एकच अर्थ पक्का करायला गेलात की चित्र हातचं गेलं.

दुसरी चूक जास्त महागात पडते: आकृत्या किती जवळ आहेत तेवढंच पाहणं. त्या जिथे भिडतात ती कड पाहा. दोघांना दोन वेगळ्या बाह्यरेषा आहेत की एकच रेषा दोघांत वाटली गेलीय? एकाचा रंग दुसऱ्यात उतरलाय का? एडवर्ड मुंकच्या १८९७ सालच्या 'द किस'मध्ये खिडकीपाशी उभ्या जोडप्याचे चेहरे मिळून एकच डाग झालाय. नाक, ओठ, डोळे काही उरलेलं नाही. याला निखळ सुख म्हणायचीही घाई नको. चेहरा गेला म्हणजे माणूसही थोडा गेलाच की. उलट पिकासोच्या १९३१ सालच्या 'फिगर्स ॲट द सीशोअर'मध्ये हाडांसारखे घट्ट, टणक आकार चुंबन घेतात, आणि त्यांच्या जिभा सुऱ्यासारख्या टोकदार आहेत. स्पर्श आहे, पण सांभाळून राहावं असा.

लाल-केशरी म्हणजे प्रेम, निळा म्हणजे विरह, हे कोष्टक तर सोडूनच द्या.

चित्रकाराचं चरित्र आधी वाचणं हीही खोड. ऑस्कर कोकोश्काच्या 'द ब्राइड ऑफ द विंड'मागे संगीतकार गुस्ताव मालरची विधवा आल्मा मालर हिच्याशी असलेलं त्याचं प्रेमप्रकरण आहे हे खरं, पण ते कळलं की पाहणं थांबतं. चित्रात ती शांत झोपलीय आणि तो टक्क जागा आहे, हे कुणी न सांगताही दिसतं.

अडलात तर एक डोळा मिटा, हात लांब धरून तळव्याने एक आकृती झाका. उरलेली कलंडल्यासारखी वाटली तर तिचा तोल दुसरीवर होता. ती एकटीही मजेत उभी राहिली, तर जवळीक कदाचित आपणच चित्राला चिकटवली असेल. फोनवर पाहत असाल तर चित्र उलटं फिरवा: हातपाय ओळखू येईनासे होतात आणि कोणता आकार कुणावर रेलतोय ते कळतं. कडा पाहायला मात्र झूम करावंच लागेल.