एम-टू आणि फिजिक्स अडलं तर जायचं कुणाकडे?

परभणी, वाशिम, सांगोला, कुठूनही इकडे आला असाल आणि ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, खारघर किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला असाल, तर हे तुमच्यासाठी. रूम, मेस, डिपॉझिट, रेल्वेचा पास याबद्दल सांगणारे भरपूर भेटतील. मी एम-टू म्हणजे इंजिनिअरिंग मॅथ्स-टू, त्यातली डिफरन्शियल इक्वेशन (बदलाच्या दराची समीकरणं) आणि फिजिक्सच्या असाइनमेंटबद्दल सांगतो. मी स्वतः परभणीकडून आलो, इथलाच झालो, आणि आता सुट्टीच्या दिवशी आमच्या सेक्टरमधली मुलं वह्या घेऊन माझ्याकडे येतात. हुशार मुलं असतात सगळी. फक्त मदत कुठे आणि कशी मागायची, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

गावाकडे एकच सर असायचे. गणित तेच, फिजिक्सही तेच, आणि संध्याकाळी घरी गेलं तरी चालायचं. इथे प्रत्येक विषयाला वेगळे सर, आणि लेक्चर संपलं की त्यांना ट्रान्स-हार्बरची लोकल गाठून ठाण्याला, तिथून पुढे डोंबिवली-बदलापूरला जायचं असतं. ते तुम्हाला टाळत नाहीत, त्यांच्याकडे वेळच दहा मिनिटांचा असतो. म्हणून त्यांच्यापुढे उभं राहण्याआधी एक गोष्ट ठरवून जा: तुमचं अडलंय ते समीकरण मांडण्यात की सोडवण्यात? मांडणी हा फिजिक्सचा भाग आहे, सोडवणूक गणिताचा. चुकीच्या सरांकडे गेलात तर दोघंही प्रामाणिकपणे उत्तर देतील आणि तुमचा गुंता तसाच राहील.

उदाहरण घेऊ. पावसाचा थेंब खाली पडतोय, हवेचा विरोध वेगाच्या प्रमाणात आहे, वेग काढा. वर ही धन दिशा धरली की बरीच मुलं लिहितात: एम गुणिले डीव्ही बाय डीटी बरोबर उणे एमजी अधिक केव्ही (एम वस्तुमान, जी गुरुत्वाचं त्वरण, व्ही वेग, के विरोधाचा स्थिरांक). कारण विचारलं तर म्हणतात, ‘दादा, विरोध वरच्या दिशेने लागतो ना, मग अधिकच येणार.’ विरोध वरच लागतो, हे खरं. पण थेंब खाली येतोय म्हणजे व्ही स्वतःच ऋण आहे. विरोध वर दाखवायचा तर उणे केव्हीच लिहावं लागतं. अधिक लिहिलं की विरोध खाली ढकलायला लागतो, उत्तरात घातांक धन येतो आणि थेंबाचा वेग वाढतच जातो. आता ही वही गणिताच्या सरांना दाखवा. ते म्हणतील, सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत. फिजिक्सच्या मॅडम म्हणतील, उत्तर चूक. दोघांचंही बरोबर, आणि मुलगा रात्री एक वाजता रूमवर डोकं धरून बसलेला. समीकरण नीट मांडलं असतं तर वेग काही वेळाने एमजी भागिले के या आकड्याशी जाऊन स्थिरावला असता. पाऊस डोक्यावर गोळीसारखा लागत नाही त्यामागे हेच तत्त्व आहे.

त्यामुळे माझ्याकडे कुणी आलं की मी आधी वही मिटायला सांगतो आणि म्हणतो, ‘काय घडतंय ते मराठीत सांग, एकही अक्षर-चिन्ह न वापरता.’ सांगता सांगता अडखळलं तर गाठ मांडणीत आहे. सगळं घडाघडा सांगितलं आणि तरी उत्तर येत नसेल तर गाठ सोडवणुकीत. तिथे नेहमीची जागा म्हणजे इंटिग्रेशनचा स्थिरांक. लॉग वाय बरोबर उणे केटी अधिक सी, इथपर्यंत सगळे येतात. पुढच्या ओळीत लॉग घालवताना तो सी घातांकात न ठेवता शेवटी नुसता अधिक सी म्हणून चिकटवतात. तो गुणक होऊन पुढे यायला हवा. ही एक ओळ तपासायची सवय लावली तरी बरेच मार्क हाती राहतात.

कॉलेजातली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे ट्युटोरियलचा तास. बॅच लहान असते आणि सर समोर असतात. बहुतेक मुलं तो तास दुसऱ्याची असाइनमेंट उतरवण्यात घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. उतरवलेलं व्हायव्हात दोन प्रश्नांत उघडं पडतं, ते वेगळंच. त्या तासाला आदल्या रात्री अडलेलं एकच गणित घेऊन जा आणि अडलेल्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवा.

सिनियरना व्हॉट्सॲपवर विचारतानाही तेच. नुसता फोटो आणि खाली ‘दादा, सोडवून द्या ना’ असं पाठवलं तर तो मेसेज खाली खाली जातो. त्याऐवजी असं लिहा: ‘ताई, आरसी सर्किटचं गणित आहे. समीकरण मांडलंय, इंटिग्रेटिंग फॅक्टरही काढलाय. सुरुवातीचा चार्ज शून्य घातल्यावर स्थिरांक ऋण येतोय. तिसरी ओळ बघाल का?’ याला ताई ऐरोली ते ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या उत्तर देते. (तो स्थिरांक तिथे ऋणच यायला हवा, घाबरू नका.) सिनियरच्या नोट्स जरूर घ्या, पण नवीन शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रम बदललेत, तेव्हा आधी आपल्या सिलॅबसशी ताडून बघा.

पाया कच्चा वाटत असेल तर सरळ बारावीच्या पुस्तकाकडे परत जा. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. व्हेरिएबल वेगळे करण्याची पद्धत, लिनिअर समीकरण, न्यूटनचा थंड होण्याचा नियम, सगळं त्यात आहे. सीईटीच्या घाईत अनेकांनी त्यातले फक्त पर्याय सोडवलेले असतात. पुढच्यासाठी एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर आहेत, तीही फुकट. आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजात आहेत. सायलॅबमध्ये समीकरण टाकून आलेख काढला की थेंबाचा वेग कुठे सपाट होतो ते डोळ्यांनी दिसतं.

चॅटजीपीटीला तर सगळेच विचारतात. विचारा, पण आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून बघितल्याशिवाय वहीत उतरवू नका. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये ही मोठी सोय आहे: उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढा, दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. शिवाय आकडे घालून बघा. खोलीचं तापमान ३० अंश, चहा ९० चा, १० मिनिटांत ६० वर आला. पुढच्या १० मिनिटांत तो ४५ वर येईल. खोलीशी असलेला फरक ६० चा ३० झाला, तर ३० चा १५ होणार. कुणी ३० सांगितलं तर ते चूक, मग सांगणारा कुणीही असो.

क्लासचं सांगायचं तर ठाणे, वाशी, नेरूळला स्टेशनबाहेर इंजिनिअरिंग मॅथ्सच्या पाट्या दिसतील. पहिल्याच महिन्यात पैसे भरू नका. घरून पैसे कसे येतात ते आपल्याला माहीत असतं. आधी ट्युटोरियल आणि सिनियर वापरून बघा. युनिट टेस्टनंतरही हाताला काही लागलं नाही, तर क्लास लावण्यात कमीपणा नाही. फक्त भरण्याआधी एक लेक्चर बसून बघा: सर समीकरण फळ्यावर कुठून आणतात ते सांगतात, की थेट सूत्रापासून सुरुवात करतात? सूत्रापासूनच सुरुवात असेल तर एम-टूपुरतं भागेल, फिजिक्स तसंच राहील.

रूमवर चारजण असाल तर आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा आणि एकाने दुसऱ्याला समजावायचं ठेवा. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतीतल्या छोट्या खोल्यांत जागा नसते, मग जवळची अभ्यासिका शोधा. बोलायची परवानगी नसेल तर जिन्यात किंवा बाहेर बसा. आणि केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर घरी लपवू नका, त्याच आठवड्यात त्या विषयाच्या सरांना भेटून उत्तरपत्रिकेत नेमकं काय चुकलं ते विचारा. उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज करायची मुदत थोडी असते, तेव्हा निकाल लागला की आधी ती तारीख बघा.